कासवांचे परस

मराठीत कासव एकच. विहिरीत सोडलेले, समुद्रात पोहणारे, रानात दगडासारखे पडून राहिलेले, देवळाच्या सभामंडपात फरशीत बसवलेले, या सर्वांना आपण एकाच शब्दात सामावून घेतले आहे. संस्कृताने कूर्म, कच्छप, कमठ अशी नावे दिली खरी, पण ती एकाच प्राण्याची पर्यायी नावे, जाती नव्हेत. इंग्रज माणूस मात्र जमिनीवरच्याला टॉर्टॉइज म्हणतो आणि पाण्यातल्याला टर्टल. हा भेद मला शाळेपासून ठाऊक होता. तो जगण्यामरण्याचा भेद आहे, हे मात्र २०२४च्या उन्हाळ्यात इंग्लंडात लेकीच्या घरी राहिले तेव्हा समजले. जमिनीवरचे कासव खोल पाण्यात सोडले तर ते बुडून मरते. त्याचे पाय पोहण्यासाठी नसून माती उकरण्यासाठी असतात.

लेकीचे घर हॅम्पशर परगण्यात, बेसिंगस्टोक नावाच्या गावी आहे. नातीने तीन वर्षे कुत्र्यासाठी हट्ट धरला होता. आईबाप दोघेही नोकरीवर जाणारे, तेव्हा कुत्रे शक्य नव्हते. तडजोड म्हणून कासवांवर समझोता झाला. एका परवानाधारक पैदासकाराकडून मे महिन्यात वर्षभराची दोन पिले घरी आली. उकडीच्या मोदकाएवढी, पिवळ्या-काळ्या नक्षीच्या पाठीची. जात ‘हर्मनचे कासव’. स्ट्रासबुर्गचे निसर्गशास्त्रज्ञ योहान हर्मन यांच्या नावावरून हे नाव पडले. मूळ वस्ती स्पेनपासून ग्रीस आणि तुर्कस्तानच्या युरोपीय टोकापर्यंत, भूमध्य सागराच्या काठची झुडपी राने. म्हणजे ईसापाने ससा-कासवाची गोष्ट रचली तेव्हा असलेच एखादे कासव त्याच्या डोळ्यांपुढे असणार. आजीने नावे ठेवावीत असे ठरले. मी ‘तीळ’ आणि ‘गूळ’ अशी ठेवली.

कासवांबरोबर एकेका पिलाचे प्रमाणपत्रही आले. ते वाचताना माझ्या मनात जे चमकून गेले, ते या लेखाचे खरे निमित्त. ही जात तिथे कायद्याने संरक्षित आहे. प्रमाणपत्राशिवाय तिची खरेदी-विक्री करता येत नाही, आणि पोटाकडचे कवच ६० मिलिमीटर भरले की कातडीखाली ओळखीची चिप बसवावी लागते. आपल्याकडे तर गुजरात-राजस्थानच्या काटेरी रानात सापडणारे तारकांकित कासव घरी बाळगणे हा गुन्हाच आहे; १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीने ते पहिल्या परिशिष्टात गेले, आणि अशा संरक्षित परदेशी जातींचीही नोंदणी सक्तीची झाली. तेव्हा ही दोन पिले घेऊन कोणी बडोद्याला परत येईल ही गोष्ट व्यवहारात अशक्यच. शिवाय नीट सांभाळले तर हे जनावर पन्नास-साठ वर्षे सहज जगते. लेकीने तिथे घर घेतले तेव्हा मला काही वाटले नव्हते. घर विकता येते. नागरिकत्व घेतले तेव्हाही मी पेढेच वाटले. पण त्या कागदावरची तिची सही पाहिली आणि मनात आले, ही आता परत येणार नाही.

हे मी कोणाला बोलले नाही. चष्मा पुसून घेतला आणि जावयांबरोबर कामाला लागले.

त्या जागेला काय म्हणावे, हाही प्रश्नच होता. पिंजरा म्हणवेना, कारण गज नव्हते. खुराडे कोंबड्यांचे, कोंडवाडा मोकाट गुरांचा. तिकडे ‘टॉर्टॉइज टेबल’ म्हणतात. आमच्या जुन्या वाड्यामागच्या परसाची मला आठवण झाली, म्हणून मी परस म्हटले आणि घरात तोच शब्द रूढ झाला. चार फूट लांब, दोन फूट रुंद, वर उघडी अशी जाड फळ्यांची पेटी. जावयांनी तिला आतून तळ्याच्या अस्तराचे प्लास्टिक लावले. काचेची पेटी का नको, याचे उत्तर मला फार पटले. कासवाला काच कळत नाही. पलीकडचे दिसते, पण जाता येत नाही. मग ते दिवसभर काचेला नाक लावून पाय घाशीत राहते. भिंत दिसली तर ते तिच्याशी जुळवून घेते. न दिसणारी भिंत त्याला थकवते.

माती माझ्याकडे आली. तुळशीवृंदावनाची माती दर वर्षी चाळून बदलण्यात माझे आयुष्य गेले आहे, त्यामुळे या कामाला मी योग्य होते. खताचा किंवा औषधाचा अंश नसलेली बागेची माती तीन भाग, मुलांच्या खेळण्याची धुतलेली वाळू दोन भाग, आणि थर किमान चार इंच, म्हणजे पिलाला पुरते गाडून घेता येईल. वरचा थर कोरडा, खालचा ओलसर ठेवायचा. भूमध्य सागराकाठचे प्राणी म्हणजे कोरडी हवा त्यांना मानवणार, असा पूर्वी समज होता. पण रानातले पिलू बहुतेक वेळ गवताच्या बुडाशी, ओलसर मातीत दडून असते. कोरड्यात वाढवलेल्या पिलांच्या पाठीवर प्रत्येक चौकट उंचावून टेंगळे येतात आणि ती पुढे जन्मभर जात नाहीत.

उन्हाची व्यवस्था हा सर्वांत नाजूक भाग. कासवाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. ते ती बाहेरून घेते, पुरेशी झाली की सावलीत सरकते. म्हणून परसात एकच हवामान असून चालत नाही. एका टोकाला दिव्याखाली ३२ ते ३५ अंश, दुसऱ्या टोकाला वीस-बावीस, आणि मध्ये चालून जाण्याइतके अंतर. किती ऊन घ्यायचे ते कासवाने ठरवायचे. शिवाय ऊब निराळी आणि ऊन निराळे. उन्हातल्या अतिनील किरणांवाचून त्याच्या शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि त्यावाचून खाल्लेला चुना हाडांना लागत नाही. कवच मऊ पडते, पाय वाकतात. हे किरण खिडकीच्या साध्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. काचेआड ठेवलेल्या कासवाला ऊब मिळते, उजेड मिळतो, पण ऊन मिळत नाही. म्हणून त्यासाठी वेगळी नळी लावावी लागते. तीही वर्षभरात निकामी होते, दिसायला मात्र पूर्वीइतकीच उजळ असते. जावयांनी बदलायची तारीख पेटीवरच लिहून ठेवली.

खाण्याच्या बाबतीत मला मौज वाटली. आपण ज्याला तण म्हणून उपटून टाकतो, तेच यांचे पक्वान्न. डँडेलियन, प्लँटेन, पांढऱ्या फुलांचे क्लोव्हर, म्हातारा. यांतले डँडेलियन आणि म्हातारा हे आपल्याकडेही शेतात दिसणाऱ्या पाथरीचे भाऊबंद. फळे देऊ नयेत, गोडाने पोट बिघडते. लेक सकाळी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवून कुंपणाकडेला वाकून पाने खुडी. बडोद्याला असताना या मुलीला मेथी आणि शेपू यांतला फरक सांगावा लागत असे. आता ती पान उलटे करून शिरा बघून नाव सांगत होती. चुन्यासाठी परसात एक पांढरे, हलके, होडीच्या आकाराचे हाड ठेवायचे होते. ते पाहताच मी म्हटले, “अगं, हे तर समुद्रफेन!” आमच्या मांडवीच्या बाजारात काष्ठौषधी विकणाऱ्या गांध्याच्या दुकानात ते बरणीत ठेवलेले असे. म्हाकुळासारख्या एका सागरी प्राण्याच्या अंगातले ते कवच. इंग्लंडात ते पोपटांसाठी आणि कासवांसाठी विकतात. परक्या देशात ओळखीचे माणूस भेटावे तसे झाले.

दर रविवारी दोघांचे वजन करायचे ठरले. तीळ ४१ ग्रॅम, गूळ ३९. तीन आठवड्यांनी तीळ ४८ झाला आणि गूळ ३८वरच राहिला. वरून सारे आलबेल होते. नातीला तर ती दोघे मिठी मारून झोपतात असेच वाटे, कारण दिव्याखाली तीळ नेहमी गुळाच्या पाठीवर चढून बसलेला. प्राण्यांच्या डॉक्टरबाईंनी तो समज दूर केला. कासव हा एकट्याने राहणारा जीव आहे. दोघांत एक दुसऱ्याला दिव्यापासून, अन्नापासून हटवीत राहतो. ओरडत नाही, चावतोच असेही नाही, नुसता मध्ये उभा राहतो. दुसरा हळूहळू खायचे सोडतो आणि मातीत गाडून घेतो. आपल्याला ते शांतपणे नांदताहेत असे वाटते.

त्याच संध्याकाळी परसाच्या मधोमध फळी बसली. आणखी एक दिवा, आणखी एक पाणवठा. पुढे दोन निराळ्या पेट्या होणार होत्या. फळी उंच हवी, पलीकडचे दिसता कामा नये, हेही सांगितले होते. नात रडली. “आजी, गूळ एकटा पडेल ना?” असे तिने विचारले. मी एकत्र कुटुंबात पन्नास वर्षे काढलेली बाई. तिला काय उत्तर देणार? माझ्या सासरी सोळा माणसांच्या पंगतीत एक विधवा चुलत सासूबाई होत्या. त्या नेहमी शेवटी जेवत, भूक नाही म्हणत, आणि त्यांच्या शांत स्वभावाचे सारे कौतुक करीत. त्या दिवशी मला त्यांची फार आठवण झाली. मी नातीला म्हटले, “तो काय खातो ते आपण बघू.” दुसऱ्या रविवारी गूळ ४० ग्रॅम भरला.

जूनमध्ये बागेतले परस तयार झाले. दक्षिणेकडे तोंड, एका बाजूला दगडांचा उतार, दोन झुडपे, फळ्या जमिनीतही फूटभर पुरलेल्या, कारण हे प्राणी उकरून निसटण्यात पटाईत असतात. वरून जाळी, कारण कावळे आणि कोल्हे. ऊन तापले की ही कासवे ज्या वेगाने धावतात, तो पाहून ईसापाच्या सशाची कीव आली.

त्याच महिन्यात आम्ही जवळच्या सेलबर्न गावी गेलो. अठराव्या शतकात तिथे गिल्बर्ट व्हाइट नावाचे धर्मोपदेशक होऊन गेले. १७८९ साली निघालेले त्यांचे सेलबर्नच्या निसर्गाविषयीचे पुस्तक इंग्रजीत आजही वाचले जाते. त्यांच्या आत्याकडे टिमथी नावाचे कासव होते. आत्या वारल्यावर १७८०च्या मार्चमध्ये व्हाइटांनी ते हिवाळी झोपेतून उकरून काढले, मातीसकट पेटीत ठेवले आणि घोडागाडीने ऐंशी मैलांवरून आपल्या घरी आणले. ते कधी गाडून घेते, कधी उठते, त्याचे वजन किती, याच्या नोंदी ते ठेवीत. १७९३मध्ये व्हाइट गेले. पुढल्या वसंतात कासवही गेले. नंतर कवच तपासले तेव्हा कळले की टिमथी मादी होती. ते कवच आज लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. विसाव्या शतकात याच देशाने भूमध्य सागराकाठची लाखो कासवे जहाजांनी आणून बाजारात विकली. १९८४ साली आयात बंद झाली तोवर त्यांतली फार थोडी जगली होती. आणणाऱ्यांना ती आवडत नव्हती असे नाही. बरोबर माती आणायची असते, एवढेच त्यांना ठाऊक नव्हते.

आपल्या संतवाङ्मयात कासवीची एक सुंदर कल्पना पुन्हापुन्हा येते. कासवी पैलतीरावर असते, पिले ऐलतीरावर, आणि ती त्यांना नुसत्या दृष्टीने पोसते. कूर्मदृष्टी म्हणजे दुरून होणारी कृपा. लहानपणापासून कीर्तनात हे ऐकत आले आहे. प्रत्यक्षात कासवी खड्डा करून अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. पिलांचे तोंडही ती पाहत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर समुद्रकासवांची अंडी गावकरी आणि निसर्गप्रेमी राखतात आणि पिले निघाली की समुद्रात सोडतात. कासवीच्या नजरेवर सोपवलेले काम तिथे माणसांचे हात करतात. संतांना प्राणिशास्त्र लिहायचे नव्हते, हे मी जाणते. त्यांना देवाच्या मायेसाठी दृष्टान्त हवा होता. पण ज्या आईबापांची मुले सातासमुद्रापार आहेत, त्यांना हा दृष्टान्त थोडा बोचतोच. रोज रात्री फोनच्या पडद्यावर आपण मुलांकडे पाहतो, आणि त्या पाहण्याने कोणाचे ग्रॅमभरही वजन वाढत नाही.

ऑगस्टच्या अखेरीस बडोद्याला विश्वामित्रीचा पूर आला. वस्त्यांत पाणी शिरले, अंगणांत मगरी निघाल्या. घराच्या छपरावर बसलेल्या मगरीचे चित्र तिकडच्या वर्तमानपत्रांतही झळकले. आमच्या वाड्याचे जोते उंच, पाणी आत आले नव्हते, शेजाऱ्यांनी तसे कळवले होते. तरी त्या रात्री लेक माझ्या खोलीत येऊन बसली. “आई, आता नको जाऊस. तो वाडा विकून टाकू. तुझी खोली तर तयारच आहे.”

खोली खरोखर छान होती. दक्षिणेची खिडकी, रात्रभर ऊबदार, देव्हारासुद्धा जावयांनी स्वतः केलेला. तिला दुखवायचे नव्हते, पण खोटेही बोलवेना. मी म्हटले, “सगळे दिले आहेस तुम्ही. ऊब आहे, उजेड आहे. पण हे काचेतून येणारे आहे गं. तिथे भाजीवालीशी गुजरातीत भांडते, बुधवारी भजनाला जाते, ग्रंथालयात कोणीतरी विचारते, ताई, पाय कसा आहे? ते माझे ऊन. तेवढ्यावर माझी हाडे उभी आहेत.”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आणि मी? मी वीस वर्षे इथे काचेआड आहे असे तुला वाटते का?”

याचे उत्तर मला त्या क्षणी देता आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रबरी बूट घालून कुंपणाशी वाकलेली दिसली. शेजारच्या म्हाताऱ्या बाई कुंपणावरून तिच्याशी बोलत होत्या. कोणते तण कोठे उगवते याचीच चर्चा असावी. दोघी मोठ्याने हसल्या. तेव्हा मला उत्तर दिसले. ती काचेआड नव्हती. तिने उन्हात उतरून स्वतःची जागा शोधली होती, आणि ती जागा मला परकी होती एवढेच. आमचे पूर्वज गायकवाडांच्या मागोमाग साताऱ्याकडून बडोद्याला आले. सात-आठ पिढ्या आम्ही ‘मूळ गाव’ या रकान्यात असे गाव लिहीत आलो, जिथे आमचे कोणी नाही. त्या पहिल्या पिढीतली एखादी सून नव्या गावातली पालेभाजी ओळखू लागली, तेव्हा मागे राहिलेल्या तिच्या आईला काय वाटले असेल? त्या आईचे नावही आम्हाला ठाऊक नाही. बडोद्याचे आम्ही कोणत्या दिवशी झालो हेही कोणी लिहून ठेवले नाही. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असे आपण म्हणतो. कासवाचेही असतेच, पण पाठीवरचे छप्पर पुरत नाही. खालची माती आणि वरचे ऊन जिथल्या तिथेच मिळवावे लागते.

सप्टेंबरच्या शेवटी मी परतले. वाडा विकलेला नाही. लेकीने तो विषय पुन्हा काढलेला नाही. काढणारच नाही असे मात्र नाही, आणि माझे गुडघेही दर वर्षी थोडे थोडे तिच्या बाजूने बोलू लागले आहेत.

नोव्हेंबरात तीळ आणि गूळ यांना झोपवायचे होते. इंग्लंडचा हिवाळा बेभरवशाचा, म्हणून तिकडे पुष्कळ लोक कासवांना चक्क शीतकपाटात झोपवतात. आधी तीन-चार आठवडे अन्न बंद, कोमट पाण्यात रोज बसवून पोट रिकामे, मग मातीच्या डब्यात घालून पाच अंशांवर. दिवसातून एकदा दार उघडायचे, हवा खेळवण्यासाठी. आठवड्यातून एकदा तोलायचे. महिन्याकाठी शंभरात एक भाग घट चालते, त्याहून अधिक झाली तर उठवावे लागते. लहान म्हणून पहिल्या खेपेस सहाच आठवडे. त्या सहा आठवड्यांत नात दर रविवारी मला आकडे कळवीत होती, आणि मी इथे बसून शंभरात एक भागाचा हिशेब करीत होते. जानेवारीत दोघेही उठले. आधी गूळ उठला.

आकडे अजून येतात. माझ्या स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे. त्यात रोज दुधाची पिशवी एक की दोन ते मी लिहिते. रविवारच्या चौकटीत आता त्याखाली आणखी दोन आकडे असतात. दूधवाल्याने एकदा विचारले, “माजी, ये शेनो हिसाब?” मी सांगितले, घरच्या माणसांचा.